रोहण्याहून आलेली सत्यप्रत

मी कुणावर संशय घेणारा माणूस नाही. माझा सगळा संशय स्वतःवरच खर्च होतो, दुसऱ्यांसाठी उरतच नाही. घराला कुलूप लावून निघालो की कोपऱ्यावरून परत येतो आणि कुलूप ओढून पाहतो. चोरांचे भय मला नसते, मी कुलूप लावले असेल याची खात्री नसते. असे असूनही २००९ साली, पोळा ते दिवाळी एवढ्या अवधीत, पिपरी मेघेतल्या आमच्या गल्लीत माझे नाव संशयी म्हातारा म्हणून झाले. आणि ज्या माणसाला मी एकवीस वर्षे ओळखत होतो त्याच्याकडे मी, तू तूच आहेस याचा लेखी पुरावा दे, अशी मागणी केली. ती का केली हे सांगायला बसलो आहे. पटेल की नाही, शंका आहे.

बंडूजी इखार रोहण्याला किराणा दुकान चालवतात. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली ते आमच्या कचेरीत एक हरवलेला अर्ज शोधायला आले होते. अर्ज सापडायला चार दिवस लागले आणि त्या चार दिवसांत आम्ही बाकावर बसून बुद्धिबळाचे सहा डाव खेळलो. सातवा अर्धा राहिला, तो पोस्टकार्डावर पुढे चालू केला. एका कार्डावर एक चाल, बाकी मजकूर नाही. प्रकृती, पाऊस, लग्नकार्य, काही नाही. बंडूजींचा एक नेम असा की ते 'शह' लिहीत, पण 'मात' कधी लिहीत नसत. ते समोरच्याने आपले आपण शोधून काढायचे. मी ते पंधरा वेळा शोधून काढले आहे.

कारण एकवीस वर्षांत आमचे पोस्टातून सतरा डाव पुरे झाले. पंधरा बंडूजी जिंकले. दोन बरोबरीत सुटले, पैकी एक पुराच्या पाण्यात कार्ड भिजून चाल वाचता येईना म्हणून. एकदा, फक्त एकदा, बंडूजींना हरवावे आणि मग जे व्हायचे ते होवो, अशी माझी इच्छा होती. ती मी कुणापाशी बोललो नव्हतो. सुलोचनेला माहीत होती, कारण तिला सगळेच माहीत असते.

पोळा झाल्यावर बंडूजींचे कार्ड आले. त्यात प्रथमच चालीखेरीज मजकूर होता. "या वेगानं चालू डाव दोन हजार बारा सालात संपन. मी थांबाले तयार हावो, पर डोयाचं सांगता येत नाई. सून अंजू आर्वीले कम्प्युटरच्या क्लासात शिकोते. ते म्हनते इंटरनेटवर बुद्धिबळाची साईट हाये, चाल त्याच दिवशी पोचते. पाहा जमते काय."

जमेल असे मला वाटले नाही. पण नाही म्हणण्याइतका आत्मविश्वासही माझ्यात नव्हता.

आमच्या वस्तीच्या नाक्यावर योगेंद्रचा सायबर कॅफे होता. पूर्वी तिथे त्याचा एसटीडी बूथ होता. काचेची कोठडी तीच होती, फोन जाऊन तिथे संगणक आला होता. योगेंद्र पंचेचाळिशीचा, दोन मुलींचा बाप, आणि बोलताना अजूनही भिंतीवर मीटर फिरत असल्यासारखा घाईघाईने बोलायचा. त्याने माझे खाते उघडून दिले, ई-मेलचा पत्ता काढून दिला, कार्डावरचा चालू डाव आतापर्यंतच्या चालींसह तिथे मांडून दिला आणि साईटचा नियम समजावून सांगितला. चाल आली की बहात्तर तासांच्या आत उत्तराची चाल द्यायची, नाहीतर डाव हरलात.

"पासवर्ड कोनाले सांगू नका, काकाजी," तो म्हणाला.

"मला तरी आठवेल का?" मी विचारले. मला खरोखरच शंका होती.

आठवडाभर सुरळीत चालले. मग पहिले पत्र आले. पत्रच म्हणतो, कारण त्याची भाषा शुद्ध सरकारी होती. 'प्रिय खेळाडू, आपले खाते चोवीस तासांत बंद करण्यात येत आहे. तसे होऊ नये अशी इच्छा असल्यास आपले नाव, जन्मतारीख व पासवर्ड उलटटपाली कळवावा.' इंग्रजीत होते, पण मला ते वाचताना मराठीच ऐकू आले. मी प्रथम काय केले असेल तर माझे कुठे चुकले ते आठवू लागलो.

आता इथे माझ्या नोकरीचा विषय काढावा लागतो. मी तेहतीस वर्षे आवक-जावकच्या टेबलावर होतो. माझ्यानंतर आलेल्यांनी काय केले ते मला ठाऊक नाही, पण माझ्या काळात आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर पडे आणि नंबर पडलेल्या प्रत्येक कागदाला उत्तर जाई. शिवाय कपाटाची किल्ली मागणाऱ्याने आधी आपली ओळख पटवावी ही साधी रीत आहे. तेव्हा मी एक दोनशे पानी रजिस्टर घेतले, रेघा आखल्या, योगेंद्रकडून त्या मेलची प्रत छापून घेतली, तिच्यावर 'आवक क्र. १' लिहिले आणि उत्तर धाडले. 'आपले पत्र मिळाले. पासवर्ड देण्यास हरकत नाही, तथापि आपण कोण हे अधोस्वाक्षरीकारास समजून येत नाही. सबब आपल्या ओळखपत्राची, राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेली सत्यप्रत सादर करावी. तूर्त ही पोच समजावी.'

योगेंद्रने ते टाईप केले. दर ओळीला तो माझ्याकडे बघत होता.

"काकाजी, हे चोर हायेत. चोराले कोनी उत्तर देते का?"

"चोर आहे हे सिद्ध झालं का?"

"नाई, पर..."

"मग पोच द्यावी लागते."

दुसऱ्या दिवशी चौदा मेल आल्या. तिसऱ्या दिवशी एकतीस. उत्तर देणारा माणूस जिवंत आहे आणि पत्ता चालू आहे, एवढेच त्या लोकांना हवे असते, हे मला फार पुढे कळले. तेव्हा मात्र मला वाटले की आपल्या सविस्तर उत्तराचा कुठेतरी गंभीरपणे विचार चालू आहे. नोकरीत असे कधी घडले नव्हते.

त्या मेलांतला मजकूर बुद्धिबळापुरता राहिला नाही. मला अठरा निरनिराळ्या खेळांत बक्षिसे लागली होती, त्यांतले सतरा मी ऐकलेही नव्हते. एकाने लिहिले होते, 'तुमच्या राज्यावर शत्रू चालून आला आहे, तुमची गावे जळत आहेत, ताबडतोब आत या.' मी कळवले की अधोस्वाक्षरीकाराचे कोणतेही राज्य नाही, पत्र चुकीच्या पत्त्यावर आले असावे. दुसऱ्याने एक जादूची तलवार देऊ केली. मी विचारले, परवाना कुणाच्या नावे आहे? उत्तर आले नाही. तलवारी मात्र आणखी चार आल्या.

घरातला प्रसंग वेगळाच. एके दिवशी जेवायला बसलो तर सुलोचनेने ताट पुढे सरकवले आणि समोर उभी राहिली. तिच्या हातात आवक क्रमांक एकसष्ट होता. ती जुन्या काळची मॅट्रिक आहे, इंग्रजी वाचते.

"शेत कोठं घेतलं?" तिने विचारले.

"कोणतं शेत?"

"ज्यातलं पीक वायून राह्यलं ते."

मी कागद पाहिला. 'प्रिय शेतकरी, तुमचे पीक वाळत आहे, तुमच्या गायी उपाशी आहेत, तुमचे शेजारी तुमची वाट पाहत आहेत.' मी सांगितले की हा एक खेळ आहे, शेतीचा.

"शेतीचा खेय?" ती म्हणाली. "माह्या बापानं जलमभर शेती केली. त्यात खेय कोठं होता ते मले दिसला नाई."

"सुलोचना, मी शेत घेतलेलं नाही."

"गायी किती हायेत?"

तिचा विश्वास बसला असता, पण तेवढ्यात शेजारच्या यशोदाबाई विरजण मागायला आल्या आणि दारातच थांबल्या. त्यांनी एवढेच विचारले, "कापूस हाये का सोयाबीन?" संध्याकाळपर्यंत गल्लीला कळले होते की ताकसांडेबाबूंनी पेन्शनीतून बायकोला न सांगता देवळीकडे पाच एकर घेतले आणि तिकडे ढुंकून पाहत नाहीत. दोघांनी मला रस्त्यात थांबवून ठिबक सिंचनाची माहिती दिली. एकाने ती जमीन चांगली नसल्याचे सांगितले. तो तिथे जाऊन आला होता म्हणे.

मग मी समोरच्या विवेकला गाठले. विवेक विम्याचे काम करतो, त्यामुळे माणसावर कोणकोणती संकटे येऊ शकतात हे त्याला पाठ आहे. त्याने माझे रजिस्टर शेवटच्या पानापर्यंत चाळले.

"काकाजी, यालेच फिशिंग म्हनतात," तो शेवटी म्हणाला. "गळ टाकून बसते ते. गळाले काहीतरी गोड लावते. मासा लागला का ओढते. तुमी तं माशानं गळाले पत्र लिहावं तसं करून राह्यले."

"मग काय करावं?"

"दोन गोष्टी ध्यानात ठेवजा. फुकट भेटलं तं हात लावू नका. अन् वयखीच्या मानसाच्या नावानं आलं तं अजूनच संशय घेजा. आजकाल ते मित्राच्या नावानंच येतात."

मी दोन्ही वाक्ये रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून घेतली. खाली लाल रेघ मारली.

दुसऱ्याच दिवशी, योगेंद्रच्या काचेच्या कोठडीत, मला बंडूजींचा हत्ती दिसला. कोपऱ्यात एकटा उभा होता. त्याला कुणाचा जोर नव्हता. माझा वजीर सरळ जाऊन त्याला उचलू शकत होता. मी चष्मा पुसला. परत पाहिले. बंडूजींनी एकवीस वर्षांत मला प्यादेसुद्धा फुकट दिले नव्हते, पण माणसाचे वय होते, डोळे जातात, त्यांनीच कार्डात लिहिले होते.

"हँग झालं का?" बाहेरून योगेंद्रने विचारले.

"संगणक चालू आहे," मी म्हणालो. "मी झालो होतो."

मी हत्ती घेतला. घरी येऊन टिपॉयवरच्या माझ्या पटावर तीच चाल केली आणि तो पांढरा लाकडी हत्ती टीव्हीवर, सुलोचनेने विणलेल्या रुमालाच्या मधोमध ठेवला. एक हत्ती जास्त असलेला डाव मीसुद्धा हरू शकणार नाही, असे मला वाटले. असे वाटण्याची सवय नसल्याने त्या दिवशी जेवण कमी गेले.

दुसऱ्या दिवशी उत्तराची चाल आली नाही. मेल आली. पत्ता बंडूजींचा होता. 'प्रिय मित्रा, मला दहा हजार सोन्याची नाणी मिळाली. तूही घे. खालच्या निळ्या अक्षरांवर क्लिक कर.' बंडूजींनी मला आयुष्यात 'प्रिय' म्हटलेले नाही. 'मित्रा' तर नाहीच. शिवाय दहा हजार नाणी मिळाल्यावर दुसऱ्याला सांगणारा किराणा दुकानदार मी पाहिलेला नाही. मी त्या कागदावर 'संशयास्पद' असा शेरा मारला. नोकरीत मला हा शेरा मारण्याचा अधिकार नव्हता. मारताना बरे वाटले.

आणखी एक दिवस गेला आणि दुसरी मेल आली, एका नव्याच पत्त्यावरून. 'काकाजी, मी अंजू, रोहण्याच्या बंडूजींची सून. बाबांनी त्यांचा पासवर्ड कुणाला तरी देऊन टाकला. आता ते खाते उघडत नाही, त्यावरून कोण काय पाठवते आम्हाला माहीत नाही. बाबा विचारतात, पुढची चाल या मेलवरून पाठवली तर चालेल का?'

मी ती सात वेळा वाचली. एकदा वाटे, खरी आहे. मग वाटे, खोटी मेल खरीच वाटणार, नाहीतर तिचा उपयोग काय? आणि या सगळ्याच्या खाली एक तिसरी गोष्ट हळूच येऊन बसली होती. बंडूजींच्या बहात्तर तासांपैकी अठ्ठेचाळीस संपत आले होते. मी काहीच केले नाही, नुसता संशय घेत बसलो, तर उद्या संध्याकाळी सहा वाजता मी जिंकणार होतो. आपला हा संशय प्रामाणिक आहे की नाही, असा संशय मला स्वतःविषयी येऊ लागला. स्वतःविषयीच्या संशयाची मला सवय आहे, पण ही जात नवीन होती.

विवेकला कागद दाखवला. त्याने अर्धाच वाचला. "शंभर टक्के फ्रॉड. सुनेच्या नावानं आलं, म्हंजे किती हुशार झाले पाहा."

हे बोलणे फाटकाशी उभे असलेल्या नानाजींनी ऐकले. नानाजी पोलिसातून जमादार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी विचारपूस केली नाही, चपला घातल्या आणि मला चौकीवर नेले. वाटेत ते म्हणाले, "मी हावो ना संगं, तुमी काहीच बोलू नका." त्याची गरज नव्हती. मी चौकीत शिरलो की मीच काहीतरी केले आहे असे मला वाटू लागते.

तिथल्या हवालदाराने सगळे ऐकून घेतले.

"गेम म्हंजे? पैशाचा का बिनपैशाचा?"

"बुद्धिबळ," मी म्हणालो.

"चोरी काय गेलं?"

"अजून काही नाही."

"मंग गेल्यावर या. आरोपी कोठचा?"

"ते माहीत नाही. ई-मेल पत्ता आहे."

त्याने तो पत्ता कागदावर उतरवून घेतला, उलटसुलट पाहिला आणि नानाजींना विचारले, "जमादार, हे कोन्या तालुक्यात येते? समन्स बजावाले मानूस कोठं धाडू?" शेवटी तीन प्रतींत अर्ज द्यायला सांगितले. माझ्याकडे तीन प्रती तयारच होत्या. त्या चौकीत मला तेवढाच एक सुखाचा क्षण मिळाला.

घरी आलो तर फोन वाजत होता. फोन मला आवडत नाही. त्याला आवक क्रमांक देता येत नाही.

"बाबू, मी बंडू बोलून राह्यलो," पलीकडून आवाज आला. आवाज बंडूजींसारखा होता. पण मी त्यांचा आवाज नीट ऐकला तो अठ्ठ्याऐंशी साली. मधली एकवीस वर्षे आम्ही अक्षराने ओळखत होतो.

"कोण बंडू?" मी विचारले.

पलीकडे रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर गेल्यासारखे वाटले.

"काऊन, किती बंडू वयखतो तू?"

"तसं नाही. खात्री करून घ्यावी लागते. त्र्याण्णव सालच्या डावात तुमची विसावी चाल कोणती होती?"

"अबे, मले काल कोनती भाजी खाल्ली ते आठोत नाई."

"मला आठवते. उंट मागे घेतला होता."

"मंग मले कायले पुसतं? तुले माहीत हाये ना."

"मला माहीत आहे, बंडूजींना माहीत आहे का हे पाहायचं आहे." मी सोडले नाही. "आणि पासवर्ड का दिला?"

"मांगतला तं देला. तीस वर्सं दुकान करून राह्यलो. गिऱ्हाईक मांगते, आपन देतो." पुढे बोलले तेव्हा आवाज खाली गेला होता. "बाबू, तुले मी मी वाटत नाई का?"

मला होय म्हणायचे होते. पण रजिस्टरचे पहिले पान समोरच उघडे होते आणि लाल रेघ दिसत होती. "कृपया लेखी कळवा," मी म्हणालो आणि फोन ठेवला. सुलोचना दारात उभी होती. ती कणीक मळायला आत गेली. ती नुसती कणीक मळत नव्हती हे इकडून ऐकू येत होते.

त्याच दुपारी मी जावक क्रमांक एकशे चव्वेचाळीस पाठवला, मेलने अंजूच्या पत्त्यावर आणि साध्या टपालाने रोहण्याला. 'आपण श्री. बंडूजी इखार हेच आहात याबाबत राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेला पुरावा व त्यासोबत आपली पुढील चाल सादर करावी.' हे पत्र मी जगातल्या सव्वाशे चोरांना पाठवले होते. एकाही चोराला त्याचे वाईट वाटले नव्हते. हे पेटीत टाकल्यावर मात्र ते परत काढता येईल का म्हणून मी पेटीचे झाकण वाकवून पाहिले.

दुसऱ्या दिवशी सहा वाजून गेले आणि एक मेल आली. 'अभिनंदन. प्रतिस्पर्ध्याचा वेळ संपल्याने आपण विजयी झाला आहात.'

एकवीस वर्षे मी ज्याची वाट पाहिली ते वाक्य योगेंद्रच्या काचेच्या कोठडीत, पडद्यावर, लुकलुकत्या पिवळ्या ताऱ्यांच्या महिरपीत उभे होते. आणि मला ते खरे वाटेना. त्या आठवड्यात मला जगातून शंभरेक वेळा अभिनंदन आले होते आणि प्रत्येकात असेच तारे होते.

"काकाजी, हे खरं हाये," योगेंद्र म्हणाला. "हे साईटवालेच हायेत. जिंकले तुमी. पेढे द्या."

"साक्षांकित आहे का?" मी विचारले. तो कपाळावर हात मारून गिऱ्हाइकाकडे वळला. मी त्या विजयाला आवक क्रमांक दोनशे अकरा दिला आणि फायलीत लावला.

पुढचे नऊ दिवस कसे गेले ते सांगत नाही. चोरांच्या मेल येतच होत्या, पण मी त्यांना नंबर आणि उत्तरे देणे बंद केले. कुणाला काही विचारण्याचा माझा अधिकार संपल्यासारखा झाला होता. टीव्हीवरचा हत्ती पाहिला की आनंद व्हायला हवा होता. होत नव्हता. सुलोचना टीव्ही पुसताना तो उचलून घ्यायची आणि परत ठेवताना जरा जोरात ठेवायची.

दहाव्या दिवशी पोस्टमन रजिस्टर एडीचे पाकीट घेऊन आला. रोहण्याचा शिक्का होता. अक्षर उजवीकडे कललेले, अनुस्वार शब्दाच्या पुढच्या अक्षरावर पडलेले. ते अक्षर पाहिल्यावर मला पुराव्याची गरज उरली नाही. पण आत पुरावा होता.

रेशनकार्डाची झेरॉक्स होती. फोटो होता, अर्धा शिक्का फोटोवर आणि अर्धा कागदावर. आणि एक फुलस्केप कागद होता:

'मी, बंडूजी इखार, राहणार रोहणा, धंदा किराणा व शेती, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की माझी चाल पुढीलप्रमाणे. घोडा एफ सात. शह.'

खाली 'सत्यप्रत' असा ठसठशीत शिक्का, हिरव्या शाईतली सही आणि गोल मोहोर. मोहोर गुरांच्या दवाखान्याची होती.

पाठीमागे बंडूजींनी लिहिले होते. "उशीर झाला. इकडं गॅझेटेड म्हंजे ढोराचे डॉक्टर साहेबच, अन् ते लसीकरनाच्या दौऱ्यावर होते. आले तं म्हने सत्यप्रत पाह्यजे तं मूळ दाखवा. घोड्याचं मूळ कोठून आनू? मंग घरी गेलो अन् मांडलेला पट तसाच परातीत उचलून दवाखान्यात नेला, एकही मोहरा हालू देला नाई. रांगेत दोन बैल अन् एक शेयी होती, त्याईच्या मागं हुभा राह्यलो. साहेबानं पट पाह्यला. लय वेळ पाह्यला. मंग म्हने, बंडूजी, हे तं... मी म्हनलो साहेब, बोलू नका, फक्त सही करा, समोरच्याले आपला आपन सापडू द्या. साहेब म्हने, आजवर बैलाम्हशीचे दाखले देले, घोडा पहिल्यानंच आला."

मी टिपॉयवरच्या पटापाशी गेलो आणि पांढरा घोडा उचलून एफ सातवर ठेवला.

माझा राजा कोपऱ्यात उभा होता. पुढे माझीच दोन प्यादी, शेजारी माझाच हत्ती. सरकायला एक घर नाही. घोड्याला मारू शकेल असा मोहरा जवळपास नाही. वजीर मारू शकला असता, पण वजीर पटाच्या पार दुसऱ्या टोकाला होता, जिथे तो एक फुकटचा हत्ती उचलायला गेला होता.

मी खाली बसलो. फुकट भेटलं तं हात लावू नका. मी जगभरच्या तलवारी, गायी, सोन्याची नाणी, सगळ्यांवर संशय घेतला होता. मित्रावर घेतला होता, सुनेवर घेतला होता, माझ्या विजयावरही घेतला होता. संशय घेण्याजोगी एकच गोष्ट कोपऱ्यात उभी होती, ती मी टीव्हीवर रुमाल अंथरून ठेवली होती.

सुलोचना हात पुसत बाहेर आली. "काय झालं? जिंकले का हारले?"

प्रश्न सोपा नव्हता. माझ्यासमोर दोन कागद होते. दोनशे अकरा सांगत होता की मी जिंकलो, आणि तो, योगेंद्र म्हणतो त्याप्रमाणे, खराही होता. साईटचा नियम माझ्या बाजूचा होता. दोनशे बारा, म्हणजे बंडूजींचा कागद, सांगत होता की मी हरलो. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. एकवीस वर्षांत एक विजय, तोही आयता. तो फायलीत तसाच राहू दिला असता तर कुणी विचारले नसते. बंडूजींनीही विचारले नसते.

"दोन कागदांत विसंगती असली तर साक्षांकित कागद ग्राह्य धरतात," मी म्हणालो. "हरलो."

"घोड्याच्या डॉक्टरची सही हाये म्हनून?" तिने कागद वाचून विचारले.

"हो."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग तिने टीव्हीवरचा हत्ती उचलून माझ्या हातात दिला, मी तो डबीत टाकला आणि दोनशे अकरावर तिरपी रेघ मारून 'रद्द' लिहिले.

त्यानंतर कपाटातून कोरे पोस्टकार्ड काढले. बंडूजींच्या नेमाप्रमाणे चालीखेरीज काही लिहायचे नव्हते, पण या वेळी नेम मोडावा लागला. 'मात सापडली. ओळख पटली. साहेबांना नमस्कार सांगावा. पुढचा डाव कार्डावरच. या खेपेस पांढरी माझी. राजापुढचे प्यादे, दोन घरे.' जावक क्रमांक टाकायला पेन उचलले आणि खाली ठेवले. मित्राच्या पत्राला नंबर कशाला.

नाक्यावर जाऊन कार्ड पेटीत टाकले. कॅफेच्या दारातून योगेंद्रने विचारले, "काकाजी, साठ नव्या आल्या, छापू का?" मी मान हलवून नको म्हटले आणि घराकडे निघालो. कोपऱ्यावरून परत आलो. पेटीच्या तोंडात दोन बोटे घालून पाहिले. कार्ड पडले होते.